न्यायासन आणि उदरातील बालक

मननासाठी शास्त्रपाठ : २ इतिहास १९:१-११



२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या हक्काविषयीचा आपलाच एकोणपन्नास वर्षांपूर्वीचा निकाल रद्द ठरविला. त्या बातमीने आपल्याकडील काही ख्रिस्ती घरांत उपकारस्तुती झाली, काही घरांत चिंता पसरली, आणि पुष्कळ घरांत नुसताच गोंधळ उडाला. एक वृद्ध न्यायाधीश मरण पावतात, त्यांच्या जागी दुसऱ्या येतात, आणि तीस कोटींहून अधिक लोकांच्या देशाचा कायदा फिरतो, हे कसे? आणि तो असा फिरला म्हणून आम्ही त्याला देवाचा विजय म्हणावे काय? तरुणसंघांतून आणि उपासनेनंतरच्या गप्पांतून हे दोन प्रश्न आजही माझ्या कानांवर येतात. पहिल्याचे उत्तर माहितीचे आहे. दुसऱ्यासाठी शास्त्र उघडावे लागते, म्हणून शास्त्रापासूनच आरंभ करू या.

यहोशाफाट या नावाचा अर्थच 'परमेश्वर न्याय करतो' असा आहे. यहूदाचा हा राजा मनाने भला, परंतु सोबतीच्या बाबतीत भोळा होता. इस्राएलाचा राजा अहाब याच्याशी त्याने सोयरीक जोडली, त्याच्या युद्धात तो सामील झाला आणि रामोथ-गिलादाच्या रणांगणातून कसाबसा जीव वाचवून यरुशलेमेस परतला. तेथे हनानीचा पुत्र येहू हा द्रष्टा त्याला सामोरा आला आणि दुर्जनाला साहाय्य केल्याबद्दल त्याने राजाला तोंडावर दोष दिला. त्यानंतर राजा बैर-शेबापासून एफ्राइमाच्या डोंगराळ प्रदेशापर्यंत स्वतः लोकांमध्ये फिरला, त्यांना परमेश्वराकडे वळविले, आणि तटबंदीच्या नगरानगरांत त्याने न्यायाधीश नेमले.

नेमणुकीच्या वेळी त्याने त्यांना काय सांगितले ते लक्षपूर्वक वाचा. तुम्ही काय करीत आहात याचे भान ठेवा. तुमचा न्याय मनुष्यांच्या वतीने नाही, परमेश्वराच्या वतीने आहे. निवाडा करताना तो तुमच्याजवळ असतो, आणि त्याच्या ठायी अन्याय नाही, पक्षपात नाही, लाच घेणे नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. आपण ज्याला 'पक्षपात' म्हणतो त्यासाठी इब्री भाषेत शब्दशः 'तोंड वर उचलणे' असा प्रयोग आहे. समोर कोण उभा आहे त्याचे तोंड उचलून पाहावयाचे आणि मग निवाडा द्यावयाचा! मराठीत आपण 'तोंड पाहून न्याय' म्हणतो तो हाच. भाषांतर करताना दोन भाषा अशा एकाच अंगणात भेटल्या की मनाला फार बरे वाटते.

राजाने काय सांगितले नाही तेही पाहिले पाहिजे. अमुक प्रकारच्या खटल्यात अमुक निकाल द्या, असे त्याने सांगितले नाही. याच्या अगोदरच्याच अध्यायात अहाबाच्या दरबारात चारशे संदेष्टे उभे आहेत. राजाला जे ऐकावयाचे आहे तेच ते एका सुरात सांगतात, आणि मीखाया तेवढा वेगळे बोलतो म्हणून राजा त्याचा द्वेष करतो. बोलणारे कसे निवडावेत याचा अहाबाचा नमुना आणि न्याय करणारे कसे नेमावेत याचा यहोशाफाटाचा नमुना, असे हे दोन अध्याय लागोपाठ आले आहेत. हा योगायोग असेल असे मला वाटत नाही.

आता अमेरिकेकडे वळू. आपल्या सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश धरून ३४ न्यायमूर्तींची पदे आहेत. वयाच्या पासष्टाव्या वर्षी ते निवृत्त होतात आणि बहुतेक खटले दोघा-तिघांच्या पीठापुढे चालतात. नेमणुकीत १९९३ च्या निकालापासून ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाचा शब्द निर्णायक राहिला आहे. यामुळे एका व्यक्तीच्या येण्याजाण्याने सारे न्यायालय हलत नाही. अमेरिकेत न्यायमूर्ती अवघे नऊ. ते तहहयात पदावर राहू शकतात आणि प्रत्येक महत्त्वाचा खटला सगळे एकत्र बसून ऐकतात. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवितो आणि सिनेट मतदान करून ते मान्य करते. देश एखाद्या प्रश्नावर दुभंगलेला असला आणि न्यायालयात पाच विरुद्ध चार अशी विभागणी असली, तर पाचव्या खुर्चीवर कोण बसणार हाच साऱ्या देशाचा प्रश्न होऊन बसतो.

२२ जानेवारी १९७३ रोजी 'रो विरुद्ध वेड' या खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी असे ठरले की, गर्भ मातेच्या उदराबाहेर जगू शकण्याच्या अवस्थेपर्यंत गर्भपाताचा निर्णय घेण्याच्या स्त्रीच्या अधिकाराला घटनेचे संरक्षण आहे. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती ब्लॅकमन मेथडिस्ट होते आणि त्यांची नेमणूक रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी केली होती. विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी व्हाइट यांना डेमोक्रॅट केनेडींनी नेमले होते. बहुमतात असलेले ब्रेनन रोमन कॅथलिक होते. म्हणजे नेमणाऱ्याचा पक्ष किंवा न्यायाधीशाचा धर्मपंथ पाहून निकाल ओळखता यावा, अशी स्थिती त्या वेळी नव्हती.

पुढे ती यावी म्हणून फार प्रयत्न झाले. १९८७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी रॉबर्ट बोर्क यांचे नाव सुचविले. रोचा निकाल चुकीचा आहे हे बोर्क यांचे मत जगजाहीर होते. सिनेटने ५८ विरुद्ध ४२ मतांनी त्यांना नाकारले. ती जागा शेवटी अँथनी केनेडी यांना मिळाली, आणि त्यांच्या विरुद्ध सिनेटमध्ये एकही मत पडले नाही. पाच वर्षांनी, २९ जून १९९२ रोजी, रोचा निकाल उलटविण्याची संधी समोर आली. त्या वेळी नऊपैकी आठ न्यायमूर्ती रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले होते. तरीही पाच विरुद्ध चार मतांनी रोचा गाभा टिकला, आणि तो टिकविणाऱ्या पाचांत केनेडी होते. बोर्क त्या जागी असते तर तो निकाल तीस वर्षे अगोदरच पडला असता, असे मानण्यास भरपूर आधार आहे.

या अनुभवाने गर्भपातविरोधी पक्ष सावध झाला. पुन्हा असे होऊ द्यावयाचे नाही, ज्याचे मन आधीच पक्के ठाऊक आहे त्यालाच पाठवावयाचे, असा निर्धार झाला. १३ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यायमूर्ती स्कालिया अकस्मात वारले. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी मेरिक गारलँड यांचे नाव दिले, परंतु निवडणुकीचे वर्ष असल्याचे कारण सांगून सिनेटमधील रिपब्लिकन बहुमताने त्यांची सुनावणीच होऊ दिली नाही. जागा वर्षभराहून अधिक काळ रिकामी राहिली. त्या निवडणुकीत डॉनल्ड ट्रम्प यांनी उघड सांगितले की, आपण गर्भपातविरोधी न्यायाधीश नेमू आणि मग रो आपोआप रद्द होईल. प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांनीही रो टिकविणारेच न्यायाधीश आपण नेमू असे सांगितले. गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी दहांतील आठांनी ट्रम्प यांना मते दिली. चारित्र्याविषयी ज्यांच्या मनात शंका होत्या त्यांपैकी कित्येकांनी 'न्यायालयासाठी' असे म्हणून त्या बाजूला सारल्या.

मग गोष्टी भराभर घडल्या. २०१७ मध्ये गोर्सच आले. २०१८ मध्ये केनेडी निवृत्त झाले आणि ५० विरुद्ध ४८ मतांनी कॅव्हनॉ आले. १८ सप्टेंबर २०२० रोजी रूथ बेडर गिन्सबर्ग वारल्या. चार वर्षांपूर्वी निवडणुकीचे वर्ष म्हणून थांबलेल्या त्याच सिनेटने या वेळी मतदानाला आठ दिवस उरले असताना एमी कोनी बॅरेट यांना मान्यता दिली. मिसिसिपी राज्याचा पंधरा आठवड्यांनंतरचा गर्भपात मना करणारा कायदा २०१८ चा होता आणि त्यावरील अर्ज गिन्सबर्ग हयात असतानाच सर्वोच्च न्यायालयात पोहोचला होता. तो सुनावणीस घेतला गेला मे २०२१ मध्ये, बॅरेट आल्यानंतर. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी मिसिसिपीचा कायदा उचलून धरला, परंतु रो सर्वस्वी रद्द करण्यास त्यांची संमती नव्हती. ती संमती पाच जणांनी दिली. त्यांतून बॅरेट वजा करा, चारच उरतात. एका खुर्चीचे मोल किती असते ते एवढ्यावरून समजेल. प्रत्येक रिकाम्या जागेचे मोल मात्र सारखे नसते. त्याच वर्षी ब्रेयर यांच्या जागी केटान्जी ब्राउन जॅक्सन आल्या, आणि तराजूचा काटा जागचा हलला नाही.

येथे माझी भूमिका स्पष्ट सांगणे मला उचित वाटते. उदरातील बालक देवाचे आहे, त्याचे जीवन देवाने दिलेले आहे, असे मी मानतो. स्तोत्र १३९ मध्ये स्तोत्रकर्ता आपल्या अजून आकार न आलेल्या देहावर देवाची दृष्टी होती असे म्हणतो. यिर्मयाला त्याचे पाचारण गर्भाशयात घडण्यापूर्वीचे आहे असे सांगितले जाते. लूककृत शुभवर्तमानात अलीशिबेच्या उदरात उडी मारणाऱ्या बालकासाठी जो ग्रीक शब्द आहे, तोच पुढच्या अध्यायात गव्हाणीत निजलेल्या बाळासाठी आहे. लूकाने दोघांसाठी वेगळे शब्द शोधले नाहीत, म्हणून भाषांतर करतानाही ते शोधू नयेत असे मला वाटते. आरंभीच्या मंडळीनेही गर्भपात आणि नवजात अर्भकांना टाकून देणे या दोन्ही गोष्टी निषिद्ध मानल्या, आणि त्या काळच्या रोमी समाजात हे वेगळेपण उठून दिसणारे होते.

परंतु शास्त्र हाताळणाऱ्याने आपल्याला अडचणीचे वचनही वाचले पाहिजे. निर्गम २१:२२ मध्ये दोन पुरुष भांडत असता गर्भवती स्त्रीला धक्का लागतो आणि, इब्री शब्दांप्रमाणे, तिची मुले बाहेर येतात. पुढे इजा झाली नाही तर दंड, झाली तर जिवाबद्दल जीव. ही इजा कोणाला? आईला की बालकाला? मुले बाहेर आली ती जिवंत की मृत? मूळ शब्द एवढे सांगत नाहीत. यहूदी शास्त्र्यांच्या परंपरेत ही इजा मातेची समजली गेली. अर्थात गर्भ गेल्यास दंड, आई गेल्यास प्राणदंड. ग्रीक सप्ततीच्या भाषांतरकारांनी वेगळाच मार्ग घेतला आणि गर्भाला पूर्ण आकार आला होता की नाही असा भेद वाक्यात आणला. इंग्रजी भाषांतरांतही दोन्ही अर्थ आढळतात. 'न्यू अमेरिकन स्टँडर्ड' या एकाच भाषांतराच्या १९७७ च्या आवृत्तीत स्त्रीचा गर्भपात होतो असा अर्थ आहे, आणि १९९५ च्या आवृत्तीत ती अवेळी प्रसूत होते असा. मधल्या अठरा वर्षांत इब्री वचनातील एक अक्षरही बदललेले नव्हते. हेतूंविषयी आरोप करण्याचा मला अधिकार नाही, कारण इब्री वाक्य दोन्ही अर्थ पेलू शकते. परंतु जो कोणी भाषांतराच्या मेजाशी बसला आहे त्याला हा मोह ठाऊक असतो. अर्थ आधी ठरलेला असतो, आपल्या बाजूचे लोक खिडकीतून डोकावत असतात, आणि लेखणी तिकडे वळू लागते.

न्यायाधीशाचे कामही एका अर्थी आमच्यासारखेच आहे. त्याच्यापुढे दुसऱ्याने लिहिलेले वचन असते आणि त्याचा अर्थ त्याला प्रामाणिकपणे सांगावयाचा असतो. म्हणून मला असे वाटते की, 'अमुक निकाल देशील तरच तुला नेमू' असे उघड वा आडून सांगून माणूस न्यायासनावर बसविणे हे यहोशाफाटाच्या आज्ञेविरुद्ध आहे; आणि निकाल आपल्या मनासारखा असला तरी ते विरुद्धच राहते. तेथील दोन्ही पक्षांनी हेच केले. एकाला गर्भातील जीव वाचवावयाचा होता आणि दुसऱ्याला स्त्रीचा अधिकार, हा भेद मोठा आहे, तो मी पुसत नाही. पण न्यायाधीश नेमण्याची रीत दोघांची एकच होती, आणि ती अहाबाच्या दरबारातील होती. लाच केवळ पैशाची नसते. पद हीदेखील लाच होऊ शकते.

'रो चुकीचा होता तर तो कसाही दुरुस्त झालेला बरा', असे कोणी म्हणेल. या आक्षेपात जोर आहे. जे बालक वाचले त्याला आपण कोणत्या रीतीने वाचलो याची पर्वा असणार नाही. तथापि आणखी एक गोष्ट आठवा. १९७१ मध्ये, म्हणजे रोच्या दोन वर्षे आधी, सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या वार्षिक सभेने सेंट लुई येथे ठराव करून आपल्या सभासदांना असे आवाहन केले की, बलात्कार, निकटच्या नात्यातील संबंध, गर्भातील गंभीर व्यंग, किंवा मातेच्या शारीरिक, मानसिक अथवा भावनिक स्वास्थ्यास धोका अशा प्रसंगी गर्भपातास मुभा देणाऱ्या कायद्यासाठी त्यांनी प्रयत्न करावा. त्याच मंडळ्या पुढे विरोधाच्या अग्रभागी उभ्या राहिल्या. मंडळीचे मत बदलू शकते, कधी ते चांगल्यासाठीही बदलते. परंतु आज आमच्या मताचा माणूस न्यायासनावर बसविण्याची जी रीत आम्ही घालून देतो, तीच उद्या दुसऱ्याच्या हाती जाते.

निकालानंतर काय झाले? प्रश्न पन्नास राज्यांकडे गेला. अनेक राज्यांनी गर्भपात जवळजवळ पूर्णपणे बंद केला. जनतेला थेट विचारले गेले तेथे मात्र निराळे उत्तर आले. पुराणमतवादी म्हणून प्रसिद्ध असलेल्या कॅन्सस राज्याने ऑगस्ट २०२२ मध्येच गर्भपाताचे संरक्षण काढून टाकण्याचा प्रस्ताव मोठ्या फरकाने फेटाळला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ओहायोच्या मतदारांनी तो हक्क आपल्या राज्यघटनेतच लिहिला. आणि सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट ही की, साऱ्या देशातील गर्भपातांची संख्या घटली नाही. गटमाकर या संशोधन संस्थेच्या गणनेनुसार २०२० मध्ये ती सुमारे ९ लाख ३० हजार होती. २०२३ मध्ये ती १० लाखांच्या वर गेली. स्त्रिया शेजारच्या राज्यांत गेल्या, किंवा गोळ्या घरपोच आल्या. आज तेथील निम्म्याहून अधिक गर्भपात गोळ्यांनीच होतात. एकोणपन्नास वर्षे ज्या खुर्चीसाठी प्रार्थना, पैसा आणि मते वेचली ती हाती आली, आणि आकडा वर गेला.

दुसऱ्या बाजूचे दुःखही झाकून ठेवू नये. निकालाला आठवडाही झाला नव्हता तोच ओहायोतील दहा वर्षांच्या, अत्याचाराने गर्भवती झालेल्या एका मुलीला इंडियाना राज्यात न्यावे लागले. गर्भ वाचणार नाही हे उघड असताना आणि आईचा जीव धोक्यात असताना, कायद्याच्या भीतीने डॉक्टर थबकल्याच्या घटना काही राज्यांतून पुढे आल्या. ज्या विश्वासणाऱ्यांना बालकाचा कळवळा आहे त्यांनी हे वृत्तांत विरोधकांचा कांगावा म्हणून झटकून टाकू नयेत. मातेचा जीवही देवाचाच आहे.

पुढेही नेमणुका होतीलच आणि त्यांवर बरेच काही अवलंबून राहील. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीतील 'व्यक्ती' या शब्दात गर्भातील बालकाचाही समावेश आहे असे न्यायालयाने ठरवावे, अशी एका गटाची मागणी आहे. तसे झाल्यास कोणत्याही राज्याला गर्भपातास मोकळीक देता येणार नाही. गर्भपाताची साधने टपालाने पाठविण्यास मनाई करणारा १८७३ चा एक जुना कायदा पुन्हा जागा करावा असाही प्रयत्न आहे. गोळ्यांविषयीचा एक खटला जून २०२४ मध्ये न्यायालयाने एकमताने निकालात काढला, परंतु तो फिर्यादींना दावा लावण्याचा अधिकार नाही एवढ्यापुरताच. मूळ प्रश्न तसाच राहिला. आणि उलट दिशाही उघडी आहे. १९७३ चा निकाल जसा २०२२ मध्ये पडला तसा २०२२ चाही पडू शकतो. एका जागेने मिळालेले दुसऱ्या जागेने जाऊ शकते.

आपल्या देशात ही वाट वेगळी आहे. येथे गर्भपाताचा कायदा न्यायालयाने दिलेला नाही. १८६० च्या दंडसंहितेने तो गुन्हा ठरविला, केवळ स्त्रीचा जीव वाचविण्यापुरता अपवाद ठेविला, आणि १९७१ मध्ये, रोच्याही आधी, संसदेने ठरावीक कारणांसाठी त्यास मुभा दिली. २०२१ च्या दुरुस्तीने काही प्रसंगी ती मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत नेली. तरी आपल्याकडेही न्यायासनावर कोण आहे याने फरक पडतो हे ऑक्टोबर २०२३ मध्ये दिसले. दोन मुलांची आई असलेल्या एका विवाहितेला, तिसरा गर्भ सव्वीस आठवड्यांच्या घरात असताना, दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ९ तारखेला परवानगी दिली. दोनच दिवसांत त्या दोघींत मतभेद झाला. १६ तारखेला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने परवानगी नाकारली. प्रसूतीचा खर्च शासनाने करावा, आणि आईबापांची इच्छा असल्यास बालक दत्तक देता येईल, असे सांगितले. सात दिवसांत हे सर्व घडले. निकाल वाचून आपल्यापैकी काहींना समाधान वाटले असेल. पण अशी आई आपल्या मंडळीच्या दाराशी आली असती तर आपण तिला काय दिले असते?

कडक कायदा आपल्या लोकांनी पूर्वीही पाहिला आहे. १८८१ मध्ये सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला आपले नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती सौम्य करून काळ्या पाण्याची झाली. ते मूल ज्याचे होते त्या पुरुषाला कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही. या प्रकरणावर वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जी आग पाखडली गेली तिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून उत्तर दिले. त्याच्याही जवळजवळ वीस वर्षे आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. गर्भवती विधवांनी यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. तेथे जन्मलेल्या एका मुलाला, यशवंताला, त्या दांपत्याने स्वतःचा पुत्र केले. दंडसंहिता तेव्हाही लागू होतीच. मुले जगली ती त्या घरामुळे. फुले ख्रिस्ती नव्हते, आणि हे वाचताना आपल्याला किंचित संकोच वाटावा हे योग्यच आहे. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्तिसदनाबरोबर कृपासदन उभारले आणि समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना त्यात आसरा दिला. आम्हा भाषांतरकारांच्या कुळातील ही थोर स्त्री, एका बाजूला इब्री आणि ग्रीक शब्दांशी झुंजत होती आणि दुसऱ्या बाजूला अशा मुलींची बाळंतपणे निभावत होती. तिचे मराठी शास्त्र तिच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, छापून पूर्ण झाले.

आपल्याकडे उदरातील बालकावर जो घाला पडतो त्याचे एक रूप अमेरिकेत क्वचितच दिसते. मुलगी आहे एवढ्या कारणाने गर्भ पाडला जातो. याविरुद्ध पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये झाला. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, त्या २०११ च्या जनगणनेत ८९४ झाल्या. कायदा होता, न्यायालये त्या कायद्याच्या बाजूने होती, कोणा न्यायमूर्तीची नेमणूक आड आली नव्हती. ती मुलगी घरातच नको होती. आपल्या मंडळ्यांत मुलीच्या जन्माची बातमी कोणत्या स्वरात सांगितली जाते, आणि अविवाहित मुलगी गर्भवती झाली तर पंचमंडळी प्रथम तिचे नाव सभासदत्वाच्या यादीतून काढते की प्रथम तिच्यासाठी खोली शोधते, हे तुम्ही तुमच्या गावी पाहू शकता. नागपुरात, इंदुरात, बडोद्यात, हैदराबादेत, जेथे असाल तेथे. वॉशिंग्टनमध्ये कोण बसावे हे आपल्या हाती नाही. त्या मुलीला कोण भेटावयास जाईल हे आहे.

३ फेब्रुवारी १९९४ रोजी वॉशिंग्टन येथे राष्ट्रीय प्रार्थनेच्या न्याहारीस कलकत्त्याच्या मदर तेरेसा यांना बोलाविले होते. गर्भपाताच्या हक्काचे पुरस्कर्ते राष्ट्राध्यक्ष क्लिंटन आणि त्यांच्या पत्नी हिलरी समोर बसलेले असताना त्या वृद्ध बाईंनी गर्भपाताविरुद्ध अगदी स्पष्ट शब्दांत भाषण केले. न्यायालयात कोणाला नेमावे हा त्यांच्या बोलण्याचा विषय नव्हता. नको असलेले मूल मारू नका, ते मला द्या, मी ते घेईन, हे त्यांचे मागणे होते. हिलरी क्लिंटन यांचे मत त्या दिवशी बदलले नाही आणि पुढेही बदलले नाही. २०१६ मध्ये रो टिकविणारे न्यायाधीश नेमण्याचे वचन देणाऱ्या त्या ह्याच. परंतु दत्तकाविषयी दोघींचे एकमत होते, आणि मदर तेरेसांना वॉशिंग्टनमध्ये अर्भकांसाठी एक घर हवे होते. हिलरींनी त्यासाठी खटपट केली. १९ जून १९९५ रोजी ते घर उघडले, तेव्हा पाळण्यांमध्ये दोघीही उभ्या होत्या.